सरावाचा गडी

बर्फ पडायला लागलं की सुलेखाकाकूंच्या गाडीला भीती वाटायची. म्हणजे भीती काकूंनाच वाटायची, पण त्या दोष नेहमी गाडीला देत. "आज हिचं काही खरं नाही रे," असं म्हणत आणि किल्ली अतुलच्या हातात ठेवत.

अतुल रामटेके अमेरिकेत, काकूंच्या श्रूजबरीतल्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. मूळचा नागपूरचा, तिथल्या इंदोरा वस्तीतला. इथे औषधं बनवायची यंत्रं तयार करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. राजीवकाका फेब्रुवारीत ऑफिसच्या कामासाठी दूर, उबदार हवेच्या चँडलरला गेले होते आणि तिथून रोज हाफ शर्टातले, उन्हातले फोटो पाठवून काकूंचा जीव जाळत होते. त्यामुळे काकूंना बॅडमिंटनच्या बॅचला न्यायचं काम आपसूक अतुलकडे आलं.

क्लब होता एका जुन्या गोदामात. आत शिरलं की रबराचा आणि ओल्या बुटांचा वास यायचा, वर पत्र्यावरून बर्फाचे थर घसरल्याचा आवाज व्हायचा. अतुल बाकावर बसला. पायात बर्फाचे जाडजूड बूट, हातात फोन. समोर काकूंच्या वयाच्या सात-आठ बायका हसत, धापा टाकत खेळत होत्या.

तेवढ्यात एक भरकटलेलं शटल त्याच्या पायाशी येऊन पडलं.

काकूंची दुसरी रॅकेट शेजारीच टेकवलेली होती. त्याने विचार केला नाही. बसल्या बसल्या डाव्या हातात रॅकेट घेतली, उजव्याने शटल उचलून वर उडवलं आणि मनगटाचा एक झटका... शटल दोन कोर्टांवरून तरंगत गेलं आणि पलीकडे उभ्या असलेल्या, करड्या स्वेटशर्टातल्या बाईंच्या हाताशी पोचलं. त्यांनी ते अलगद झेललं. शटलकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं.

"पुन्हा," त्या म्हणाल्या, आणि शटल परत त्याच्याकडे टाकलं.

त्याने पुन्हा मारलं. पुन्हा त्याच जागी.

त्या चालत आल्या. उंच, सडपातळ, केस घट्ट मागे बांधलेले. चालताना उजवा पाय जरा जपून टाकत होत्या. "डावखुरा?"

"हो."

"किती वर्षं खेळतोस?"

"खेळायचो. युनिव्हर्सिटीकडून. नागपूर..."

"उद्या ये. शूज घेऊन." त्यांची नजर त्याच्या बर्फाच्या बुटांवर गेली. "हे नकोत."

आणि त्या वळून काकूंना ओरडायला गेल्या.

गाडीत बसल्यावर अतुलने विचारलं, "काकू, या कोण?"

"कोण म्हणजे? शेन यूलान! वर्ल्ड चॅम्पियन होती ती, चीनकडून. आणि तू तिच्यासमोर बूट पसरून बसलास, ध्यान कुठलं!"

सिग्नल हिरवा झाला तरी अतुलने गाडी हलवली नाही. त्याला आठवलं होतं. नागपूरच्या हॉस्टेलची टीव्हीची खोली, त्यात कोंबलेली पोरं, आणि पडद्यावर लाल शर्टातली एक चिनी मुलगी. शेवटचा पॉइंट खेळण्याआधी तिने तळहात शर्टाला पुसला होता, अगदी शांतपणे, जणू घरची भांडी घासून झाली आहेत. त्या रात्री जगज्जेती झालेली ती मुलगी! पुढे काही वर्षांनी तीच मुलगी एका मॅचमध्ये गुडघा धरून कोर्टवर बसली. तिला आधार देऊन बाहेर नेलं. त्यानंतर ती पडद्यावर कधी दिसली नाही.

"अरे, हॉर्न मारतायत मागचे," काकू म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी तो शूज घेऊन गेला. नवे, कडक, चावणारे.

यूलानने त्याला आधी एक गोष्ट समजावून सांगितली. दोघांचं बोलणं इंग्रजीत चालायचं, पण कोणाचंच इंग्रजी आईकडून आलेलं नव्हतं, त्यामुळे दोघंही वाक्यं सोपी ठेवत आणि त्यामुळे भलतंच खरं बोलत.

"आमच्याकडे चॅम्पियन एकटी तयार होत नाही," ती म्हणाली. "तिच्यासाठी सरावाचा एक गडी असतो. बहुतेक मुलगा. त्याचं काम दुसऱ्यासारखं खेळणं. माझी फायनल ज्या मुलीशी असेल, तिच्यासारखं तो महिनाभर खेळणार. तिचे फटके, तिच्या सवयी, तिच्या चुकासुद्धा. मी जिंकले की फोटो माझा. त्याचं नाव कुठेही येत नाही. तोच रिवाज आहे."

"आणि त्याला काय मिळतं?"

तिने जरा विचार केला. "दुखरा खांदा."

अतुल हसला. ती हसली नाही, पण डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं.

एप्रिलच्या शेवटी बॉस्टनजवळ एक मोठी खुली स्पर्धा होती. त्यात मॅडी नावाची एकोणीस वर्षांची अमेरिकन मुलगी खेळणार होती. डावखुरी, विजेसारखी चपळ, सगळ्यांना हरवत निघालेली. यूलानला तिच्याशी खेळायचं होतं.

"पण का?" अतुलने विचारलं. "तुमच्याकडे जगातलं सगळ्यात मोठं पदक आहे."

यूलान थर्मासमधलं गरम पाणी पीत होती. नुसतं गरम पाणी. चहा नाही, काही नाही.

"माझी शेवटची मॅच अर्धी आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या गेमच्या मध्यावर मी खाली बसले. मग संघातल्या मोठ्या माणसांनी ठरवलं, आता पुरे, तुझ्या भल्यासाठी. मला कोणी विचारलं नाही. मी आठ वर्षांची असताना नदीकाठच्या गावातून खेळाच्या शाळेत गेले. पहिलं वर्षभर शटल मारायला मिळालं नाही, नुसती पावलं. सगळं आयुष्य खेळले, आणि शेवट दुसऱ्याने केला." तिने थर्मास बंद केला. "मला एक मॅच पूर्ण खेळायची आहे. शेवटच्या पॉइंटपर्यंत. माझ्या पायावर उभी राहून. बस."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं नीट कळेल. शटलला सोळा पिसं असतात आणि ती सगळी एकाच दिशेने एकमेकांवर चढवलेली असतात, म्हणून शटल हवेत नेहमी एकाच बाजूला गिरक्या घेतं. उजव्या हाताच्या खेळाडूला त्याची सवय होते. डावखुऱ्याने तिरका कट मारला की मात्र तेच शटल जाळी ओलांडताच अचानक खाली बसतं, दमलेल्या माणसाने खुर्चीत बसावं तसं. मॅडीचा हाच फटका भारी होता. ती तो टाकायची समोरच्या खेळाडूच्या उजव्या हाताला, अगदी पुढच्या कोपऱ्यात. तिथे पोचायला लांब झेप घ्यावी लागते, आणि सगळा भार येतो उजव्या गुडघ्यावर.

त्याच गुडघ्यावर.

*

अतुलने मॅडीचे व्हिडिओ पाहिले, पुन्हा पुन्हा पाहिले. सर्व्हिस करण्याआधी ती आपली पोनीटेल एकदा ओढते हे त्याच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी कोर्टवर त्याने गंभीर चेहऱ्याने, नसलेली पोनीटेल ओढली.

यूलानने रॅकेट खाली केली. "हे काय?"

"तिच्या सवयीसुद्धा, तुम्हीच म्हणालात."

"केस कुठे आहेत?"

"उगवतायत."

त्या दिवशी यूलान पहिल्यांदा हसली. तोंडावर हात धरून, मान फिरवून; जणू कोणी पाहिलं तर दंड होईल.

कौतुक तिला ठाऊकच नव्हतं. फटका चांगला असो की वाईट, तिचा एकच शब्द, "पुन्हा". तिच्या कोचचाही तोच शब्द होता म्हणे. एकदा तिने विचारलं, "तुझ्या भाषेत काय म्हणतात?"

"पुन्हा."

"पुन्...हा." तिने तो शब्द नवी रॅकेट तोलून पाहावी तसा तोंडात फिरवून पाहिला. "छान आहे. शेवटी श्वास सुटतो."

झालं! दुसऱ्या आठवड्यापासून क्लबमध्ये शिकायला येणारी श्रूजबरीतली अमेरिकन, चिनी, भारतीय, सगळी पोरं "पुन्हा, कोच? सीरियसली?" असं कुरकुरायला लागली. काकूंना तर गुदगुल्याच झाल्या. त्या आल्याचा चहा थर्मासमधून पाठवू लागल्या. यूलानने पहिला घोट घेतला आणि तिचे डोळे पाणावले.

"तिखट आहे का?" अतुलने घाबरून विचारलं.

"पुन्हा," ती कप पुढे करत म्हणाली.

बर्फ वितळलं. वाचनालयासमोरच्या एका झाडावर पान नसताना मोठमोठ्या पांढऱ्या कळ्या आल्या. यूलान एकदा तिथे थांबली. "हे माझं नाव. यूलान म्हणजे याचंच फूल. पानांची वाट न बघता फुलतं."

"घाई असते?"

"नाही रे. थंडी बघून झालेली असते."

इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', त्यामुळे तिला काही कळलं नाही. पण त्या झाडाखाली अतुलच्या मनातल्या 'तुम्ही'चं 'तू' झालं. तो एकटाच कानापर्यंत लाल झाला.

*

प्रेमात पडलेला माणूस चुका करतो, आणि त्या त्याला चुका वाटत नाहीत. तिथेच घोळ होतो.

एका संध्याकाळी खेळ संपल्यावर यूलान गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. तिला वाटलं कोणी पाहत नाही. तिने डोळे मिटले, ओठ घट्ट दाबले... अतुलने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा हात बदलला. त्याने ठरवून केलं असंही नाही. त्या पुढच्या उजव्या कोपऱ्यात टाकायचं शटल वीतभर आत पडू लागलं, जरा उंच, जरा हळू. कधी तो ते दुसरीकडेच मारायचा. यूलान गेमवर गेम जिंकू लागली. पोरं टाळ्या वाजवू लागली. तिच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं, आणि अतुलला वाटलं, किती छान चाललंय सगळं.

मार्चच्या शेवटी कनेटिकटमध्ये एक छोटी स्पर्धा होती. सवय व्हावी म्हणून यूलान तिथे खेळली. पहिल्याच मॅचला हायस्कूलमधली एक डावखुरी मुलगी. साधीशीच, पण तिला तो कट जमायचा. ती तो टाकत राहिली. यूलान दर वेळी अर्धं पाऊल उशिरा पोचत होती. हरली.

परतताना तिने अतुलला गाडी थेट क्लबकडे घ्यायला लावली. क्लबमध्ये आल्यावर दिवे लावले, कोर्टच्या त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि शूजच्या टोकाने जमिनीवर टकटक केलं.

"इथे," ती म्हणाली. "तू इथे शटल टाकणं कधी बंद केलंस?"

अतुल रॅकेटच्या तारा सरळ करू लागला.

"बोल."

"तुझा गुडघा... मला बघवेना, यूलान. आमच्याकडे लहान मुलं खेळतात ना, तेव्हा सगळ्यात लहान असेल त्याला खेळायला घेतात, पण बाद करत नाहीत. कच्चं लिंबू म्हणतात. प्रेमाने करतात..."

"मी लहान आहे?"

"नाही, पण..."

"माझ्या संघातल्या लोकांनीसुद्धा प्रेमानेच केलं होतं." तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "माझ्या भल्यासाठी. मला न विचारता. तेव्हा मी निदान खेळाडू होते. तू मला... लिंबू केलंस."

दुसरी कुठली वेळ असती तर दोघं हसली असती.

"उद्या येऊ नकोस," ती म्हणाली.

*

घरी नागपूरहून आईचा व्हिडिओ कॉल. रत्नाबाईंनी पोराचं तोंड पाहिलं आणि थेट विषयाला हात घातला. "त्या कोचबाईनं हाकललं म्हणते तुला?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सुलेखाताईंचा फोन आला होता."

खाली काकूंच्या स्वयंपाकघरातून भांडी जरा जास्तच जोरात वाजली.

अतुलने सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांनी तुला लहानपणी एक तरी गेम सोडला होता काय रे?"

"नाही."

"विहाराच्या मैदानात चुन्याच्या रेघा मारून खेळायचे तुम्ही. तू हरून हरून रडायचास. मी म्हणायची, अहो, लेकरू आहे, एखादा द्या की जिंकायला. तर म्हणायचे, बाहेर लोक याला म्हणतीलच, तुम्हाला काय, सगळं सोपंच मिळते. निदान घरी तरी मी याला सोपं देणार नाही."

अतुलला कळलं, बाबा बरोबर होते. कॉलेजच्या संघात निवड झाली तेव्हा कोणीतरी हसत हसत अगदी हेच वाक्य टाकलं होतं. सगळ्या मॅचेस जिंकून निवड झालेली असतानाही. ते वाक्य किती वर्षं खुपत राहिलं होतं! आणि आज त्याने स्वतः, स्वतःच्या हाताने, एका जगज्जेतीला सोपं दिलं होतं.

"आई, फोन ठेवतो."

"जेवलास का?" पण फोन ठेवून झाला होता.

*

पहाटे यूलान क्लबवर आली तेव्हा तो बाहेर पायरीवर बसलेला होता. पावसाची बारीक भुरभुर चालू होती, त्याचे केस ओले झाले होते.

"मी सांगितलं होतं..."

"माफी मागायला नाही आलो. खेळायला आलोय," तो म्हणाला. "एक गेम. मग पाहिजे तर हाकल."

तिने त्याच्या पायातल्या शूजकडे पाहिलं. मग कुलूप उघडलं.

त्याने पोनीटेल ओढली नाही. सर्व्हिस केली, आणि तिसऱ्याच फटक्याला शटल कापलं. ते जाळीवरून सरकलं आणि कोपऱ्यात बसलं. यूलान पोचली नाही.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा तिथेच. पुन्हा. तिचा शूज लाकडावर किंचाळला, ती वाकली, निसटलं. पत्र्यावर पाऊस वाढत गेला. त्याला थांबावंसं वाटत होतं. त्याने स्वतःला थांबू दिलं नाही. गेम त्याने जिंकला. खराखुरा. यूलान जाळीला धरून धापा टाकत उभी होती, घामाने निथळत, आणि तिच्या चेहऱ्यावर...

ती हसत होती. या वेळी हात तोंडावर न धरता.

"उद्या सहा वाजता," ती म्हणाली. "आणि गुडघा माझा आहे. दुखला तर मी सांगेन. कळलं?"

"कळलं, कोच."

*

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी बॉस्टनजवळच्या त्या हॉलमध्ये श्रूजबरीची सगळी पोरं, त्यांचे आईवडील, चँडलरहून परतलेले राजीवकाका, आणि भला मोठा थर्मास घेऊन काकू, असा लवाजमा बसला होता. यूलान एकेक मॅच काढत फायनलला आली होती. समोर मॅडी.

पहिला गेम यूलानचा. दुसरा मॅडीचा. तिसऱ्या गेमच्या मध्यावर राजीवकाकांनी अतुलच्या गुडघ्यावरचा आपला हात काढून घेतला, कारण अतुल तो चुरगाळत होता.

मॅडीने कोपऱ्यात शटल कापलं. यूलान तिथे होती. पुन्हा कापलं. यूलान तिथे होती! मॅडी थबकली; इथपर्यंत कोणी पोचत नसे. वीस-वीस झाले. बाजूच्या कोर्टवरचे लोकही खेळ सोडून इकडे पाहू लागले. यूलानने तळहात शर्टाला पुसला, अगदी शांतपणे, आणि अतुल एकदम नागपूरच्या त्या हॉस्टेलच्या खोलीत जाऊन पोचला.

लांबलचक रॅली. एक पॉइंट मॅडीचा. मग पुन्हा रॅली, पुन्हा तो कोपरा, यूलानची झेप, परत आलेलं शटल, आणि शेवटी यूलानचा जीव तोडून मारलेला स्मॅश... रेघेच्या बाहेर. बोटभर.

संपलं.

यूलान हरली होती. आणि यूलान उभी होती. शेवटच्या पॉइंटपर्यंत, स्वतःच्या पायांवर. तिने क्षणभर खाली स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं, एखाद्या हट्टी विद्यार्थ्याकडे पाहावं तसं, आणि हॉलच्या चारही बाजूंना वाकून नमस्कार केला. सगळा हॉल उठला. जाळीपाशी मॅडी रडत होती. "मी तुमचे व्हिडिओ बघून खेळायला शिकले," ती म्हणत होती. काकूही रडत होत्या, पण दोष त्यांनी हॉलच्या एसीला दिला.

बक्षिसं देताना यूलानच्या हातात माइक आला. तिला भाषणं आवडत नसत.

"मी जिथून आले तिथे एक रिवाज आहे," ती सावकाश म्हणाली. "सरावाच्या गड्याचं नाव कोणी घेत नाही. मी जगज्जेती झाले तेव्हा मीही घेतलं नाही. मला त्याची लाज वाटते." ती थांबली. "त्याचं नाव होतं गाओ लियांग. आता तो कुठे आहे, मला माहीत नाही. आणि ही मॅच मी पूर्ण खेळले, कारण एका माणसाने मला काहीही सोपं दिलं नाही. एकदा दिलं. नंतर कधी नाही." हॉलमध्ये हसू पसरलं. "अतुल रामटेके. नागपूर. उभा राहा."

ती ते नाव किती दिवस घोकत असेल कोण जाणे. 'ट' सुद्धा नीट आला होता.

अतुल उभा राहिला. उभा राहिला म्हणजे काकूंनी ढकललं. आजूबाजूची पोरं "पुन्हा! पुन्हा!" असा गजर करत होती. त्याचा ऊर इतका भरून आला की हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

*

बाहेर पार्किंगमध्ये पाऊस होता. कुंपणाजवळच्या झाडाची पांढरी फुलं गळून अतुलच्या गाडीच्या काचेवर चिकटली होती. यूलान गळ्यात चांदीचं पदक, हातात काकूंचा चहा घेऊन आली आणि त्याच्या छत्रीत शिरली.

"उद्या सहा वाजता?" त्याने विचारलं.

"उद्या सुट्टी."

"सुट्टीत चॅम्पियन लोक काय करतात?"

"माहीत नाही. कधी घेतलीच नाही." तिने काचेवरचं एक फूल सोडवलं. "तू सांग."

अतुलने छत्री उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. घसा साफ केला. मग सगळं शहाणपण विसरून, एका दमात म्हणाला, "माझं तुझ्यावर प्रेम आहे."

यूलानने त्याच्याकडे पाहिलं. कौतुक नाही, आश्चर्य नाही; फटका पारखणारी तीच नजर.

"खांदे फार वर घेतलेस," ती म्हणाली. "सैल सोड."

त्याने खांदे सैल सोडले. छत्री कलली, दोघांच्या अंगावर पाणी आलं. ती एक पाऊल जवळ आली. उजव्या पायाने, न जपता.

"हं," ती म्हणाली. "पुन्हा."